निकालपत्रक हाती घेण्यापूर्वी

१७ जुलै १९४६ रोजी जॉर्जिया राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनी गव्हर्नरपदासाठी आपला उमेदवार निवडला. जेम्स कारमायकल यांना ३,१३,३८९ मते पडली आणि यूजीन टॅल्मज यांना २,९७,२४५. उमेदवारी मात्र टॅल्मज यांच्या पदरात पडली. हा उलटफेर मोजणीतल्या घोळामुळे झाला नव्हता. कायद्यानेच तशी सोय करून ठेवली होती. १९१७ च्या नील कायद्याप्रमाणे राज्यातल्या १५९ काउंट्यांना ‘युनिट’ वाटून दिलेली होती. सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा, त्याखालच्या तिसांना चार आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना दोन. काउंटीत जो पहिला येईल त्याला तिथली सगळी युनिट. या हिशेबाने टॅल्मज यांना २४२ युनिट मिळाली, कारमायकल यांना १४६ आणि तिसरे उमेदवार एड रिव्हर्स यांना २२.

ज्या फुल्टन काउंटीत अटलांटा शहराचा बहुतेक भाग येतो तिला सहा युनिट, आणि राज्यातल्या सर्वांत लहान एकोल्स काउंटीला दोन. १९६० च्या जनगणनेत एकोल्सची लोकसंख्या १,८७६ होती. म्हणजे एकोल्समधले एक युनिट ९३८ माणसांचे आणि फुल्टनमधले ९२,७२१ माणसांचे. एकोल्सचा एक रहिवासी फुल्टनच्या ९९ रहिवाशांना भारी होता. हा हिशेब १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रे विरुद्ध सँडर्स या खटल्याच्या निकालपत्रात मांडला आणि युनिटची पद्धत रद्द केली. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे आज सर्वतोमुखी झालेले सूत्र न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच निकालात लिहिले. त्या सूत्राचा जन्म सार्वत्रिक निवडणुकीच्या वादातून झाला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो काउंटीनिहाय मोजलेल्या पक्षांतर्गत निवडणुकीतून झाला.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी हे उदाहरण आधी दाखवतो, कारण पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यात आहेत. मते कुणी मोजली, कोणत्या हद्दीत मोजली, कोणत्या कागदावर मागितली, कुणाला मागितलीच नाहीत आणि मोजल्यानंतर त्या आकड्यांचे काय केले, हे ठाऊक नसेल तर निकालपत्रकातल्या बेरजेचा अर्थ लागत नाही. बेरीज अचूक असली तरी लागत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपण ज्याला तिकीटवाटप म्हणतो ते बंद दाराआड होते. पक्षश्रेष्ठी ठरवतात, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म येतो, आणि ज्याला येत नाही तो बंडखोरी करतो किंवा घरी बसतो. अमेरिकेत हेच काम बहुतेक ठिकाणी मतदार करतात, तेही सरकारी यंत्रणेमार्फत: सरकारी मतदारयादी, सरकारी केंद्रे, सरकारी छपाई. पक्ष ही खासगी संघटना, पण तिचे तिकीट कुणाला हे ठरवण्याचा खर्च बहुधा करदात्याच्या खिशातून. या विचित्र संकराला प्रायमरी म्हणतात. पेन्सिल्व्हेनियातल्या क्रॉफर्ड काउंटीत डेमोक्रॅटांनी १८४२ साली प्रतिनिधींची सभा वगळून थेट मतदारांना विचारण्याचा प्रयोग केला; पुढे ‘क्रॉफर्ड काउंटी पद्धत’ म्हणूनच ती ओळखली गेली. राज्यभर सक्तीची थेट प्रायमरी आणण्याचे श्रेय विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट यांच्या चळवळीला दिले जाते. तिथल्या मतदारांनी १९०४ साली कायदा मंजूर केला. चार्ल्स मेरियम यांचे ‘प्रायमरी इलेक्शन्स’ हे पुस्तक १९०८ चे, म्हणजे संस्था जेमतेम उभी राहत होती तेव्हाच तिचा अभ्यासही सुरू झाला होता.

काउंटीला आपल्या जिल्ह्याच्या जागी बसवण्याचा मोह टाळलेला बरा. देशात अशा तीन हजारांवर हद्दी आहेत, आणि लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी माणसे राहतात. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत शंभरही नाहीत. पण दोन्हींकडे शेरीफ निवडून येतो, कित्येक ठिकाणी क्लार्क आणि अपमृत्यूची चौकशी करणारा कोरोनरसुद्धा निवडून येतो. आणि एकाच पक्षाचे वर्चस्व असलेल्या काउंटीत या पदांचा निकाल नोव्हेंबरात लागत नाही, प्रायमरीतच लागून गेलेला असतो. भारतात एक निवडणूक आयोग असतो, एक नमुना असतो, फॉर्म २० उघडला की कोणत्याही मतदारसंघाची केंद्रनिहाय मते एकाच साच्यात दिसतात. तिकडे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि त्याखाली प्रत्येक काउंटीचा तक्ता वेगळा. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि न्यू इंग्लंडमध्ये तर मतदानाचे बरेचसे काम काउंटीच्याही खाली, शहर आणि गावपातळीवर चालते. नव्या अभ्यासकाचे पहिले काही महिने या तक्त्यांशी झटापट करण्यात जातात. ते फुकट गेले असे समजू नये.

प्रायमरीचे आकडे सार्वत्रिक निवडणुकीच्या आकड्यांपेक्षा मला जास्त बोलके वाटतात, आणि त्याचे कारण साधे आहे. नोव्हेंबरात मतदाराच्या हाताशी पक्षाचे नाव असते. उमेदवार अनोळखी असला तरी चालतो. प्रायमरीत सगळेच एका पक्षाचे. मग मतदार कशाला धरून मत देतो? ओळखीच्या नावाला, आपल्या भागातल्या माणसाला, कधी वर्णाला, कधी मतपत्रिकेवर जे आधी दिसते त्याला. पक्षाचा शिक्का बाजूला झाला की त्याखाली झाकलेल्या या सगळ्या गोष्टी वर येतात.

त्या पहिल्यांदा नीट नकाशावर आणल्या व्ही. ओ. की यांनी. टेक्सासमध्ये जन्मलेल्या या राज्यशास्त्रज्ञाचे ‘सदर्न पॉलिटिक्स इन स्टेट अँड नेशन’ १९४९ साली आले. तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत रिपब्लिकन पक्ष नावापुरता होता आणि खरी लढत डेमोक्रॅटिक प्रायमरीत होत असे. की यांनी एकेका राज्यातल्या प्रायमरीचे काउंटीनिहाय निकाल घेतले आणि ज्या काउंट्यांत उमेदवाराला जोरदार मते पडली त्या काळ्या केल्या. अलाबामासारख्या राज्यात पुन्हा पुन्हा एकच आकृती दिसू लागली: उमेदवाराची स्वतःची काउंटी गडद, भोवतालच्या काउंट्या गडद, आणि दूर जावे तसा नकाशा पांढरा. धोरण नाही, गट नाही. आपल्या मुलखातला माणूस म्हणून मत. त्यांनी याला मित्र-शेजाऱ्यांचे राजकारण म्हटले. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘स्थानिक’ आणि ‘उपरा’ हे दोन शब्द ज्याने प्रचारसभेत ऐकले आहेत त्याला तो नकाशा पाहताच कळतो.

पण की तिथे थांबले नाहीत, आणि त्यांचे मोठेपण त्यात आहे. ज्या राज्यात सगळे नकाशे असे मित्र-शेजाऱ्यांचे निघतात तिथे टिकाऊ गट नाहीत; गट नाहीत म्हणून सत्तेवर असलेल्याला जाब विचारणारे संघटित कुणी नाही; आणि त्याचा फटका ज्यांच्याजवळ पैसा किंवा वजन नाही अशांनाच बसतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. काउंटीच्या आकड्यांवरून राज्यव्यवस्थेच्या तब्येतीपर्यंत जाण्याची ही वाट आजही या क्षेत्रातली सर्वांत चांगली वाट आहे. नंतरच्या पिढीकडे संगणक आले, नकाशे रंगीत झाले, पण इतक्या थोड्या सामग्रीतून इतके मोठे अनुमान काढण्याची हिंमत क्वचितच दिसते.

त्याच नकाशांत एक पोकळी मात्र आहे, आणि ती की यांनाही पुरती ठाऊक होती. त्या काळ्या-पांढऱ्या काउंट्यांत मते मोजली गेली ती जवळजवळ सगळी गोऱ्यांची. टेक्सासने १९२३ साली कायदा करून कृष्णवर्णीयांना डेमोक्रॅटिक प्रायमरीतून वगळले. एल पासोचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन न्यायालयात गेले आणि १९२७ साली जिंकले. राज्याने शब्द बदलून तेच पुन्हा केले. ते पुन्हा गेले आणि १९३२ साली पुन्हा जिंकले. मग पक्षाने म्हटले, आम्ही खासगी संघटना, सभासद कुणाला करायचे ते आम्ही ठरवू. आणि १९३५ साली न्यायालयाने ते मान्य केले. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी हॅरिस काउंटीतल्या निवडणूक अधिकाऱ्यावर केलेल्या खटल्यात, १९४४ साली, ‘गोरी प्रायमरी’ अखेर घटनाबाह्य ठरली.

तरीही संपले नाही. ह्यूस्टनला लागून असलेल्या फोर्ट बेंड काउंटीत ‘जेबर्ड’ नावाची संघटना १८८९ पासून होती. काउंटीतले गोरे मतदार आपोआप तिचे सभासद. अधिकृत प्रायमरीच्या आधी ही संघटना स्वतःचे मतदान घेई, आणि त्यात जिंकलेला पुढे अधिकृत प्रायमरीत बहुधा बिनविरोध उभा राही. सर्वोच्च न्यायालयाने टेरी विरुद्ध अ‍ॅडम्स या खटल्यात हा प्रकार बंद केला तो १९५३ साली. आता अभ्यासकाच्या बाजूने पाहा. फोर्ट बेंड काउंटीचे त्या काळचे अधिकृत निकालपत्रक निर्दोष असेल, बेरजा जुळत असतील, सह्या असतील. फक्त खरी निवडणूक त्यात नसेल. ती आधीच, दुसरीकडे, उरकलेली. बिनविरोध निवडीचे कौतुक करण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाने या काउंटीकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते.

आता टेक्सासमध्येच आणखी थोडे दक्षिणेला जाऊ. जुलै १९४८ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी झालेल्या प्रायमरीत माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन पुढे होते, पण निम्म्यापेक्षा जास्त मते कुणालाच नव्हती. म्हणून २८ ऑगस्टला दुसरी फेरी झाली. जवळजवळ दहा लाख मतांत लिंडन जॉन्सन यांना ४,९४,१९१ आणि स्टीव्हन्सन यांना ४,९४,१०४. फरक ८७. हा फरक पडला तो मतदानानंतर सहा दिवसांनी जिम वेल्स काउंटीतल्या अ‍ॅलिस गावाच्या तेरा क्रमांकाच्या पेटीतून आलेल्या दुरुस्तीमुळे: जॉन्सन यांना दोनशे मते जास्त, स्टीव्हन्सन यांना दोन. मूळ आकडा ७६५ होता आणि सातचा नऊ करून तो ९६५ केला, असा आरोप झाला. मतदारांची यादी ज्यांनी पाहिली त्यांनी सांगितले की शेवटची दोनशे नावे एकाच हस्ताक्षरात, वेगळ्या शाईत आणि वर्णानुक्रमे लिहिलेली होती. पक्षाच्या राज्य कार्यकारिणीने २९ विरुद्ध २८ मतांनी जॉन्सन यांच्यावर शिक्कामोर्तब केले. केंद्रीय न्यायालयातली चौकशी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या आदेशाने थांबली. १९७७ साली, जॉन्सन जाऊन चार वर्षे झाल्यावर, त्या केंद्रावरच्या निवडणूक अधिकाऱ्याने मते बनावट असल्याची कबुली वृत्तसंस्थेला दिली.

वर्णानुक्रमाचा हा योग एकटा नाही. टॅल्मज १९४६ च्या डिसेंबरात शपथेआधीच वारले आणि गव्हर्नर कोण यावर तिघांनी हक्क सांगितला. त्या गोंधळात टेल्फेअर काउंटीत टॅल्मज यांच्या मुलाच्या नावाने लिहिलेली मते ‘सापडली’, आणि त्या मतदारांपैकी काही मृत असल्याचे व बरेचसे वर्णानुक्रमे रांगेत उभे राहिल्याचे अटलांटा जर्नलचे जॉर्ज गुडविन यांनी उघड केले. त्यांना १९४८ चे पुलित्झर मिळाले. मेलेली माणसे मतदानाला येतात तेव्हा फार शिस्तीत येतात.

असे किस्से रंगतात आणि म्हणूनच धोक्याचे असतात. नवा अभ्यासक प्रत्येक दुरुस्तीत तेरा नंबरची पेटी शोधू लागतो. रोजच्या काउंटी कचेरीत जे घडते ते फार वेगळे आणि बहुतेक वेळा कंटाळवाणे असते. मतदानाच्या रात्री टीव्हीवर येणारे आकडे हे अनधिकृत. त्यांतले पुष्कळसे काउंट्यांकडून वृत्तसंस्था गोळा करतात. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करत आहे. त्यानंतर टपालाने आलेली पाकिटे, सही जुळते का त्याची तपासणी, ज्यांच्या नोंदणीबद्दल शंका होती त्यांच्या बाजूला ठेवलेल्या मतपत्रिका, परदेशातल्या सैनिकांची मते, असे एकेक जमा होत जाते. कॅलिफोर्नियात हे काम महिनाभर चालू शकते. शेवटी काउंटीचे मंडळ सगळे ताडून प्रमाणित निकालपत्रक काढते. अभ्यासकाने हेच वापरावे. रात्रीचा नकाशा जपून ठेवावा तो फक्त फरक पाहण्यासाठी.

हा फरक कधी कधी डोळे उघडणारा असतो. मार्च २०२२ मध्ये हॅरिस काउंटीत दोन्ही पक्षांच्या प्रायमरीतल्या मिळून सुमारे दहा हजार टपाली मतपत्रिका स्कॅन झाल्या होत्या, पण रात्रीच्या बेरजेत धरल्याच गेल्या नव्हत्या. काउंटीने चार दिवसांनी तसे जाहीर केले. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत यंत्राच्या चाचणीसाठी वापरलेली सुमारे १,३५,००० मते पुसायची राहिली आणि खऱ्या मतांसह जाहीर झाली. आकडे काही तासांत मागे घ्यावे लागले. एरिक अ‍ॅडम्स ती प्रायमरी अखेर ७,१९७ मतांनी जिंकले, हे लक्षात घेतले की चुकीचा आकार कळतो. या दोन्ही चुका नजरेला आल्या त्या आकडे एकमेकांशी ताडून पाहता आल्यामुळे. चूक सापडणे हे यंत्रणा चालू असल्याचे लक्षण असू शकते, आणि कधीच काही न सापडणाऱ्या काउंटीबद्दल मी थोडा साशंक असतो.

ऑगस्ट २०२० च्या प्रायमरीत डेट्रॉइटमध्ये टपाली मते मोजणाऱ्या ७२ टक्के मोजणी-मंडळांचा ताळा जुळला नाही. आकडा ऐकून छाती दडपते. पण ताळा म्हणजे काय? मतदार-वहीत नोंदलेल्या मतदारांची संख्या आणि हातात असलेल्या मतपत्रिकांची संख्या. एकाने पाकीट पाठवले पण आत मतपत्रिका घालायला विसरला, किंवा दोन मतपत्रिका एकमेकींना चिकटून यंत्रात गेल्या, की ताळा एकाने चुकतो. आपल्याकडे फॉर्म १७सी आणि यंत्राचा आकडा जुळवताना जे होते तेच हे. किती ठिकाणी जुळले नाही यापेक्षा कितीने जुळले नाही हे विचारायचे, ही सवय लवकर लागावी.

आणि कधी कधी एकेका मतपत्रिकेपर्यंत उतरावेच लागते. कॅलिफोर्नियात २०१२ पासून प्रायमरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकत्र लढतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरात जातात. मार्च २०२४ मध्ये सॅन मटेओ आणि सांता क्लारा या दोन काउंट्यांत पसरलेल्या सोळाव्या मतदारसंघात सॅम लिकार्डो पहिले आले, आणि दुसऱ्या जागेवर इव्हान लो आणि जो सिमिटियन यांना प्रत्येकी ३०,२४९ मते. तंतोतंत बरोबरी. नियमाप्रमाणे तिघेही पुढे जाणार होते. मग एका मतदाराच्या मागणीवरून, मागणाऱ्याच्या खर्चाने, फेरमोजणी झाली. आधी बाजूला ठेवलेल्या काही मतपत्रिका आत घेतल्या गेल्या आणि लो ३०,२६१, सिमिटियन ३०,२५६ असे झाले. पाच मतांनी तिसरा गडी बाद. अशा निकालात ‘मतदारांचा कौल’ असे लिहिताना हात अडखळायला हवा. कोणती सही जुळली म्हणायची आणि कोणती नाही, हे ठरवणाऱ्या टेबलावरच्या निर्णयांचा तो कौल होता.

कागदाबद्दल मी आधी सूचित केले, त्याकडे येतो. कारण माझ्या मते या क्षेत्रातले गेल्या पंचवीस वर्षांतले सर्वांत फलदायी काम तिथे झाले आहे. न्यूयॉर्क शहर पाच काउंट्यांचे बनले आहे आणि तिथे मतपत्रिकेवरची नावे केंद्रागणिक आळीपाळीने वरखाली होत. म्हणजे प्रयोग आयताच मांडून ठेवलेला. जोनाथन कोपेल आणि जेनिफर स्टीन यांनी १९९८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतल्या ७९ लढती तपासल्या. त्यांपैकी ७१ लढतींत उमेदवाराला नाव पहिले असताना जास्त टक्के मते पडली होती. सात लढतींत तर हा फायदा विजयाच्या फरकापेक्षा मोठा होता. सगळीकडे तेच नाव वर छापले असते तर निकाल फिरला असता. मतदार मूर्ख असतात असा याचा अर्थ मी घेत नाही. ज्या पदांबद्दल वृत्तपत्रात एक ओळ छापून येत नाही, त्यांच्यासाठी माणसाला निवड करायला लावली की तो कुठेतरी हात ठेवतो.

न्यू जर्सीत तर छपाई हीच सत्ता झाली होती. तिथल्या २१ पैकी १९ काउंट्यांत काउंटीच्या पक्षनेत्यांनी ज्यांना पाठिंबा दिला त्या सगळ्यांची नावे मतपत्रिकेवर एकाच ओळीत किंवा स्तंभात छापत: वर सिनेट किंवा अध्यक्षपदाचे ठळक नाव, खाली गावच्या पदापर्यंत सगळे. बाकीचे उमेदवार कुठेतरी कोपऱ्यात, कधी मधे रिकामे चौकोन सोडून. याला ‘काउंटी लाइन’ म्हणत. रटगर्स विद्यापीठाच्या ज्युलिया सॅस रूबिन यांनी एकच उमेदवार लाइनवर असलेल्या आणि नसलेल्या काउंट्यांची तुलना करून दाखवले की हा फरक प्रचंड असतो. २०२४ मध्ये सिनेटसाठी उभे राहिलेले अँडी किम न्यायालयात गेले. प्रतिवादी कोण होते, तर पक्षाध्यक्ष नाहीत. काउंटी क्लार्क, कारण मतपत्रिकेचा आराखडा तेच ठरवतात. २९ मार्च २०२४ रोजी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी, ज्यांना अनेक काउंट्यांची लाइन मिळाली होती, त्याआधीच शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. २०२५ साली कायद्यानेच ही पद्धत गेली. शंभर वर्षांचे पक्षशास्त्र वाचूनही जे कळत नाही ते एका काउंटीची जुनी मतपत्रिका टेबलावर पसरली की कळते.

आता पद्धतीबद्दल थोडे. टाळता येत नाही म्हणून. मतदान गुप्त असते, आपल्याला मिळतात ते हद्दीचे आकडे. त्यावरून माणसांबद्दल बोलण्याचा मोह आवरत नाही. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली या मोहाची फजिती दाखवली. १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त होते तिथे निरक्षरता कमी होती. पण माणसागणिक पाहिले तर परदेशात जन्मलेले थोडे अधिक निरक्षर होते. कारण स्थलांतरित मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. त्यावर १९५३ मध्ये ओटिस डंकन आणि बेव्हर्ली डेव्हिस यांनी एक साधी आणि पक्की युक्ती सुचवली. समजा, एका केंद्रावर शंभर जणांनी मत दिले, त्यांतले ऐंशी कृष्णवर्णीय, आणि एका उमेदवाराला नव्वद मते पडली. उरलेल्या वीसही जणांनी त्यालाच मत दिले असे धरले तरी किमान सत्तर मते त्या ऐंशींतून आली, यात अनुमान नाही, नुसती वजाबाकी आहे. गॅरी किंग यांची १९९७ ची पद्धत या मर्यादांना संभाव्यतेची जोड देते. हे पंडिती वाद वाटतील, पण न्यायालयात ते मतदारसंघांच्या सीमा बदलतात. १९८६ च्या थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स या खटल्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या ५३ प्रायमरी आणि सार्वत्रिक लढतींच्या आकड्यांवरून मतदान वर्णानुसार विभागलेले आहे हे सिद्ध करण्यात आले.

मराठी वाचकाच्या ओळखीचे एक नाव इथे येते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, ज्यांचे ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मकथन आपल्याकडे घरोघरी वाचले गेले, ते २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. ऑगस्ट २०२२ मध्ये वेन काउंटीतल्या, डेट्रॉइटचा मोठा भाग सामावणाऱ्या तेराव्या मतदारसंघाची प्रायमरी त्यांनी जिंकली, आणि त्यानंतर काँग्रेसमध्ये गेले. मराठी वृत्तपत्रांनी साहजिकच अभिमानाने बातमी दिली. निकालपत्रक मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. नऊ उमेदवार, ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते, दुसऱ्या क्रमांकाच्या अ‍ॅडम हॉलियर यांना २३ च्या आसपास. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नाही, त्यामुळे तेवढ्यावर उमेदवारी मिळाली. मते अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत विभागली गेली आणि सुमारे सत्तर वर्षांत प्रथमच डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. कृष्णवर्णीय मतदारांनी ठाणेदारांना नाकारले का? काउंटीच्या एका आकड्यावरून ते ठरत नाही. त्यासाठी केंद्रनिहाय तक्ते आणि वरची वजाबाकी घेऊन बसावे लागते. २०२४ मध्ये हॉलियर पुन्हा समोर येणार होते, पण वेन काउंटीच्या क्लार्कनी त्यांच्या अर्जावरच्या पुरेशा सह्या वैध नसल्याचे सांगून त्यांना बाद केले. त्या वर्षीचे निकालपत्रक वाचताना न छापलेले हे नाव डोळ्यापुढे ठेवावे लागते.

साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. रिचर्ड स्कॅमन यांचे ‘अमेरिका व्होट्स’ हे खंड १९५० च्या दशकापासून निघू लागले. त्याआधी प्रायमरीचे आकडे हवे असले तर राज्याराज्यांच्या वार्षिकांत डोके घालावे लागे. मिशिगन विद्यापीठातल्या आयसीपीएसआर या संस्थेने १९६२ नंतर जुने आकडे जमवले. ओपनइलेक्शन्स या प्रकल्पाचे स्वयंसेवक आजही स्कॅन केलेल्या धूसर पानांवरून केंद्रनिहाय आकडे हाताने उतरवून घेतात, कारण कित्येक काउंट्या निकाल अजून चित्राच्या स्वरूपातच देतात. शिगेओ हिरानो आणि जेम्स स्नायडर यांचे २०१९ चे ‘प्रायमरी इलेक्शन्स इन द युनायटेड स्टेट्स’ शंभर वर्षांचे चित्र एका जागी देते, आणि प्रायमरी निरुपयोगी ठरली या रूढ मताला आकड्यांनी उत्तर देते. त्यांचे सगळे निष्कर्ष पटावेत असे नाही; मला सगळे पटत नाहीत.

सुरुवात करू इच्छिणाऱ्याने अध्यक्षपदाची प्रायमरी घेऊ नये. ती फार चर्चिली गेली आहे आणि तिथे मतदाराला नावे माहीत असतात. एखादी मध्यम काउंटी घ्यावी, एखादे दुर्लक्षित पद घ्यावे: काउंटीचा खजिनदार, किंवा ‘तिघांना मत द्या’ असे सांगणारे मंडळ. तिथे टक्केवारी मतदारांची आहे की टाकलेल्या मतांची, हे आधी पाहावे. तीन मते देण्याची मुभा असलेल्या लढतीत तीस टक्के मते मिळवणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक मतदाराने पसंत केलेले असू शकते. मग वरच्या पदाला पडलेली एकूण मते आणि या पदाला पडलेली मते यांतली तूट केंद्रागणिक काढावी. ज्या केंद्रावर ती एकदम वाढते तिथली मतपत्रिका मागवावी. क्लार्कची कचेरी बहुधा ती ईमेलने पाठवते; काही ठिकाणी झेरॉक्सचे पानामागे पंचवीस सेंट पडतात.